जुना वायरलेस आणि एकोणीस सह्या

मझेंगा आरोग्य केंद्र
९ फेब्रुवारी २०१५

प्रिय सुझगो,

आजच्या बोटीने तुझी खोकी आली. तीन आहेत. इतकी जड की चार कोळी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तुझ्या नावाने बोटं मोडत होते. "राजधानीतल्या साहेबाला म्हणावं, पुढच्या वेळी स्वतः ये उचलायला," असं झोवेसुद्धा म्हणाले, आणि ते तर आपले गावप्रमुख. शेवटी ती माझ्या औषधांच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आहेत. वर लाल सील आहे आणि परक्या लिपीत बरंच काही छापलंय. बोटवाल्याला निघायची घाई होती. त्याने कागद पुढे केला, मी सही केली.

आता टॉवर कधी उभा राहणार ते सांग. टेकडीवर चार खड्डे खणून ठेवलेत त्याला पाच महिने झाले, त्यात आता बेडूक झालेत. तिथला सपाट खडक म्हणजे न्यालोंग्वेची कसाव्याचे कंद वाळवायची जागा होती, हे तू विसरला नसशील. गेल्या वर्षी तू सभेत आलास. झोवेंच्या घरातली एकुलती एक निळी प्लास्टिकची खुर्ची तुला दिली. त्या खुर्चीवरून तू सांगितलंस की परदेशी सरकारने आपल्या सरकारला कर्ज दिलंय, त्यातून जिल्हा कचेरी, पोलीस, लष्कर सगळे एका सुरक्षित बिनतारी जाळ्याने जोडले जाणार, आणि त्याच जाळ्यातला एक संच माझ्या दवाखान्यात बसणार. बायका कुरकुरत होत्या, पण न्यालोंग्वेच म्हणाली, "खुर्चीवरून बोललाय ना, मग झालं." आणि खडक सोडला. ज्याच्या शब्दावर गाव विसंबतं त्यालाच आपल्याकडे खुर्ची देतात, हे तुला सांगायला नको.

तोवर माझा जुना वायरलेस आहेच. खोकल्यासारखा खरखरतो, पण निरोप गेला की जिल्ह्याच्या दवाखान्याची मोटारबोट दोन तासांत किनाऱ्याला लागते. गेल्या महिन्यात दोघींना तसंच पाठवलं. न्यालोंग्वेची लेक लुसुंगू जुलैमध्ये बाळंत होईल. पहिलीच वेळ, आणि चणीने एवढीशी. तोपर्यंत नवा संच लागू दे.

सोबत वाळवलेली उसिपा मासळी पाठवतेय. तुझ्या बायकोला वास सहन होत नाही, माहीत आहे. टेम्वाला म्हणावं, नाक धरून खा.

तुझी ताई,
तिवोंगे


लिलाँग्वे
१२ मार्च २०१५

प्रिय ताई,

मासळी पोचली. टेम्वाने नाक धरलं नाही, उलट मुलांच्या वाटणीचीही तिनेच संपवली.

खोक्यांची सील कृपा करून कुणी तोडू नका. आतला संच इथून सांकेतिक आकडे भरल्याशिवाय चालत नाही, आणि टॉवरशिवाय तर नाहीच. ही काही तुझ्या खरखरणाऱ्या डब्यासारखी गोष्ट नाही. यातलं बोलणं जगात कुणालाही चोरून ऐकता येणार नाही! परवा मंत्रीसाहेबांनी भाषणात एकोणीस ठिकाणांची नावं वाचली, त्यात मझेंगाचं नाव आलं तेव्हा माझी मान ताठ झाली. आपल्या गावाचं नाव त्या सभागृहात याआधी कोण घेणार होतं?

पावसाने रस्ता वाहून गेल्यामुळे टॉवरचे लोखंडी भाग अडकले आहेत. पाऊस थांबला की कंपनीचे लोक येतील. महिनाअखेरीस कर्ज उचलायची मुदत संपते, त्याआधी एकोणीस ठिकाणांचे दाखले पुढे जायला हवेत, म्हणून सध्या नुसती धावपळ आहे. दिवसभर सह्याच करतोय म्हणालीस तरी चालेल. हात भरून येतो.

झोवेंना नमस्कार सांग. लुसुंगूला दूध पाज.

तुझा,
सुझगो


मझेंगा
११ मे २०१५

प्रिय सुझगो,

रागात लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

शुक्रवारी जिल्ह्याच्या भांडारातून दोन माणसं आली. चहा प्यायली, तळलेले गोड मांडाझी खाल्ले, आणि माझा जुना वायरलेस भिंतीवरून काढायला लागले. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, "सिस्टर, तुमच्याकडे ३१ मार्चपासून नवं यंत्र चालू आहे. एका जागी दोन यंत्रं ठेवता येत नाहीत, जुनं जमा करायचं." मी त्यांना हाताला धरून औषधांच्या खोलीत नेलं. ती तीन खोकी दाखवली, सीलसकट. तपासणीला आलेल्या बायका सध्या त्यांवर बसतात, तेवढाच त्यांचा उपयोग. मग टेकडीवर नेऊन खड्ड्यातले बेडूक दाखवले. थोरला माणूस चांगला होता, मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "सिस्टर, डोळ्यांनी दिसतंय मला. पण कागदावर टॉवर उभा आहे. ज्याने सही केली त्याने ती मागे घेतली, तर मी स्वतः तुमचं यंत्र परत आणून लावीन. त्याशिवाय माझी नोकरी जाईल." आणि घेऊन गेले. भिंतीवर आता चार भोकं आहेत.

सुझगो, कोण आहे हा बेशरम? इथे पाऊलही न टाकता काम झालं म्हणून सही ठोकणारा? तू त्याच कचेरीत आहेस. त्याला शोधून काढ, आणि माझं नाव सांगून विचार की तुझ्या घरात बायका बाळंत होतात की नाही. सभेत लोक चिडले होते. मी सांगितलं, माझा भाऊ तिथे आहे, तो बघून घेईल. लगेच सगळे गप्प झाले.

म्वेरा वारा सुरू व्हायला आता थोडेच दिवस राहिले. एकदा तो सुटला की सरोवरात होडी घालणं म्हणजे जिवावरचं काम, हे तुला माहीत आहे. लुसुंगूला सातवा संपत आला.

तिवोंगे


लिलाँग्वे
१ जून २०१५

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. वाईट वाटलं.

सहीचं मी बघतो. असे कागद बऱ्याच हातांतून जातात, त्यामुळे एका माणसावर बोट ठेवणं कठीण असतं. आणि एखादी सही मागे घ्यायची तर इतर सगळ्या ठिकाणांचा प्रश्न उभा राहतो, मग कर्ज देणाऱ्यांपर्यंत जाईल, मग वर्तमानपत्रात येईल. थोडा धीर धर. कंपनीचे लोक जुलैत नक्की येणार आहेत असं कळतं.

तोपर्यंत सोबत एक मोबाइल पाठवतोय. त्यात पैसे भरलेले आहेत. लुसुंगूला दिवस भरायच्या आधीच जिल्ह्याला पाठवून दिलंस तर उत्तम.

मुलं मजेत आहेत. धाकटीचा शाळेत दुसरा नंबर आला.

तुझा,
सुझगो


मझेंगा
२२ जून २०१५

सुझगो,

लुसुंगू गेली. बुधवारी. बाळ पोटातच.

तिला पुढच्या सोमवारच्या बोटीने पाठवायचं ठरलं होतं, पिशवी भरून ठेवली होती. बारा दिवस आधीच कळा सुरू झाल्या. सकाळी आठच्या सुमाराला मला कळलं की मूल आडवं आहे आणि माझ्या हाताने हे व्हायचं नाही. पूर्वी अशा वेळी मी भिंतीकडे जायचे. परवाही गेले. सवयीने हात वर केला आणि त्या चार भोकांवर ठेवला.

तुझा मोबाइल घेऊन लुसुंगूचा नवरा टेकडीवर पळाला, मग तिच्यावरच्या टेकडीवर. इथे मोबाइल लागत नाही, सुझगो. तू याच गावात वाढलास. हे तुला माहीत नव्हतं का?

दोघा भावांनी म्वेरा वाऱ्यातच होडी घातली आणि चौकीतल्या वायरलेसवरून निरोप द्यायला पोलीस चौकीच्या गावापर्यंत वल्हवत गेले. पोचायला सहा तास लागले. मोटारबोट आली तेव्हा सूर्य कलला होता. ती तिसऱ्या प्रहरीच गेली होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. मला विचारत होती, "सिस्टर, बोट निघाली असेल ना?" मी हो म्हणत राहिले. चार तास मी तिला हो म्हणत होते.

त्या यंत्रातलं बोलणं जगात कुणाला ऐकता येणार नाही, असं तू लिहिलं होतंस. मला त्या ओळीची आठवण झाली.

१ ऑगस्टला सुतक उतरवायचा दिवस धरलाय. न्यालोंग्वेने तुला मुद्दाम बोलावलंय. म्हणाली, सिस्टरचा भाऊ आपल्यासाठी तिकडे भांडतोय, त्याला निरोप द्या. ये.

तिवोंगे


मझेंगा
१७ ऑगस्ट २०१५

सुझगो,

तू आलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. मक्याच्या पिठाची दोन पोती, साखर, सगळं रीतीला धरून आणलंस. सगळे पुरुष नेहमीप्रमाणे जमिनीवर बसले होते. झोवेंनी निळी खुर्ची आणवली, तिच्यावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसली, आणि तू बसलास. क्षणभर थांबलास हे मी पाहिलं होतं. मला वाटलं संकोच असेल.

न्यालोंग्वे तुझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून तुझे आभार मानले. लेक गेलेल्या बाईने. तू खाली बघत होतास. नंतर तुझ्या पुढ्यात मासळी आणि कसाव्याच्या पिठाचं कोंडोवोले वाढलं तर एक घास खाल्ला नाहीस. बायका म्हणाल्या, बिचाऱ्याला किती लागलंय. मीसुद्धा म्हटलं, मऊ मनाचा आहे माझा भाऊ, लहानपणापासून.

आज बोटीने जिल्हा कचेरीची टपाल पिशवी आली. दवाखान्याच्या फायलीला लावण्यासाठी दाखल्याची प्रत. 'मझेंगा: टॉवर उभारला, संच बसवला, तपासणी केली, समाधानकारकपणे चालू.' खाली सही.

नाव वाचायची गरजच पडली नाही. बाबा गेल्यावर किनाऱ्यावरच्या वाळूत काडीने तुला अक्षरं गिरवायला मी शिकवली. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून परत वर न्यायची, ही खोड माझी. ती तुझ्यात आली. अजून आहे.

म्हणजे मे महिन्यात मी तुलाच पत्र लिहून विचारत होते की तो बेशरम कोण. आणि तू उत्तरात लिहिलंस की धाकटीचा दुसरा नंबर आला.

अजून एक. त्या प्रतीच्या मागे आणखी एक कागद टाचलेला होता. बोटवाल्याने मला दिलेला, फेब्रुवारीतला. मला वाटलं खोकी पोचल्याची पावती आहे. त्यावर छापलंय, 'साहित्य मिळाले, तपासले, चालू स्थितीत आहे.' खाली माझी सही. मी वाचलं नव्हतं. मी गावातली शिकलेली बाई, लोक माझ्याकडून कागद वाचून घेतात, आणि मी स्वतः न वाचता सही केली कारण बोटवाला शिट्टी मारत होता. तेव्हा तुझ्याकडे बोट दाखवताना मला ते माझ्याकडेही दाखवावं लागतंय.

पण मला कळल्यावर मी गप्प बसणार नाही. इथे अजून चार जणी भरत आल्यात. वारा अजून पडलेला नाही.

तिवोंगे


लिलाँग्वे
७ सप्टेंबर २०१५

ताई,

हे पत्र मी पाच वेळा लिहिलं. पहिल्या चारांत कारणं होती. मंत्र्यांचा दबाव, साहेबांचा धाक, रस्ता, पाऊस. ती सगळी खरी आहेत, आणि तरीही वाचताना मला माझीच किळस आली. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो.

तीस मार्चला सकाळी साहेबांनी एकोणीस दाखल्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मुदतीच्या आत दाखले गेले नाहीत तर उरलेलं कर्ज मिळत नाही, वर दंड. यंत्रं त्यांची, कंपनी त्यांची, बँक त्यांची. पैसा आपल्या देशात येतच नाही, तिकडच्या तिकडे कंपनीला मिळतो. इथून फक्त आपली सही तिकडे जाते. "आधी सही, मग काम, सगळे असंच करतात," साहेब म्हणाले. सगळे तसंच करतात हे खरं आहे. एकोणीसपैकी सात ठिकाणी टॉवर होता. मी सगळ्यांवर सह्या केल्या. मझेंगाचा कागद अकरावा होता. त्यावर थांबलो होतो, हे सांगितलं तर तुला वाटेल मला काहीतरी वाटलं. मी थांबलो ते पेनातली शाई संपली म्हणून. दुसरं पेन घेतलं.

सहीमुळे तुझा वायरलेस जाईल हे मला ठाऊक नव्हतं. पण अकरा मेच्या तुझ्या पत्राने ते कळलं. सही मागे घेतली की तो परत मिळेल हेही तूच लिहिलं होतंस. माझ्या हातात महिना होता, ताई. त्या महिन्यात मी तुला मोबाइल पाठवला. तिथे तो लागत नाही हे मला माहीत होतं. दुकानात पैसे देतानाही माहीत होतं. काहीतरी पाठवलं म्हणजे रात्री झोप लागेल, एवढ्यासाठी पाठवला.

१ ऑगस्टला मी सांगायचं ठरवूनच आलो होतो. बोटीत वाक्यं पाठ केली. झोवेंनी बाहीने खुर्ची पुसली आणि मी तिच्यावर बसलो. जमिनीवर बसलो असतो तर बोललो असतो असं वाटतं, पण कुणास ठाऊक.

परत आलो तर चौकशी लागली होती. जिल्ह्याच्या भांडारातल्या त्या थोरल्या माणसाने वर तक्रार केली होती. परक्या माणसाने, नोकरी पणाला लावून. साहेबांनी मला आत बोलावलं आणि तुझी पावती पुढे ठेवली. म्हणाले, "वेडा आहेस का? नर्सनेच चालू आहे म्हणून लिहून दिलंय. तू त्यावर विसंबलास. दोन ओळी खरड, विषय संपला. फार तर तिची बदली होईल."

तो कागद मी दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवला. लगेच फाडला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण तुझ्याशी आणखी एक खोटं नको. दोन दिवस. एकदा मी पहिली ओळ लिहिलीसुद्धा, 'आरोग्य केंद्राच्या प्रमुखांनी', इथपर्यंत. मग तुझं सतरा ऑगस्टचं पत्र आलं. तू पावतीची गोष्ट आपण होऊन सांगितलीस. मी तर ती तुझ्यावर टाकायला निघालो होतो.

गेल्या बुधवारी मी लेखी दिलं. बारा ठिकाणी काम झालेलं नाही, मी न पाहता सह्या केल्या, त्या मी मागे घेतो, तुझ्या पावतीचा माझ्या सहीशी संबंध नाही. दुसऱ्याच दिवशी निलंबनाचा कागद हातात. सरकारी घर महिनाभरात सोडायचं. खटला होईल असं म्हणतात. टेम्वाने मला शिव्या दिल्या नाहीत. तिने एवढंच विचारलं, "जूनमध्ये का नाही दिलंस?" तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो.

जिल्ह्याच्या भांडारात आता कागदावरही मझेंगात यंत्र नाही. त्यामुळे तुझा वायरलेस मला सोडवून घेता येतो. २८ तारखेच्या बोटीने मी तो घेऊन येईन. येऊ का?

सुझगो


मझेंगा
१४ सप्टेंबर २०१५

सुझगो,

ये.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. ते माझ्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना मी अजून विचारलेलं नाही. पण तुझं पत्र मी झाडाखाली सभा भरवून वाचून दाखवलं, पेनातल्या शाईसकट. माझी पावतीही वाचली. ती वाचताना मी जमिनीवर बसले, चूक सांगणारा माणूस बसतो तशी. सिस्टरला जमिनीवर बसलेली पाहून दोन-तीन बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांना काय करावं सुचेना.

लुसुंगूचा नवरा मध्येच उठून गेला. तो तुझ्याशी बोलेल असं धरून चालू नकोस. कुणी तुझ्या हातचं घेतलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, आणि वाटलं तर तोंडावर दाखवू नकोस. त्या चौघींतल्या दोघी या मधल्या दिवसांत सुखरूप सुटल्या. दोघी राहिल्यात. भिंतीवरची चार भोकं मी बुजवलेली नाहीत, तेच खिळे चालतील.

बोटीवरून उतरून सरळ झाडाखाली ये, माझ्या घरी आधी नको. मी तुझ्या शेजारी जमिनीवर बसेन. माझीही सही आहे.

सभा उठताना झोवेंनी माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "सिस्टर, तो येईल तेव्हा खुर्ची काढायची की नाही?" न्यालोंग्वे तिथेच होती. जूनपासून ती दवाखान्यात आली तरी त्या खोक्यांवर बसत नाही, उभीच राहते. तेव्हाही उभीच होती.

म्हणाली, "काढा की. वायरलेस ठेवायला लागेल."

तिवोंगे